साखळी-करवतीची धार आणि जुने ग्राइंडर

चेनसॉ या यंत्राचा विचार करताना लक्ष प्रथम त्याच्या इंजिनाकडे जाते. परंतु लाकूड प्रत्यक्षात कापते ती इंजिनाने फिरवलेली साखळी, आणि त्या साखळीवरील प्रत्येक दाताला किती मोजून धार दिली आहे यावर संपूर्ण यंत्राची उपयुक्तता ठरते. ही मोजून धार देण्याचे काम करणारे छोटे विद्युत यंत्र म्हणजे चेन ग्राइंडर होय. काही दशकांपूर्वी बनलेली, ओतीव धातूच्या जाड अंगाची अशी ग्राइंडर आजही जुन्या यंत्रांच्या बाजारात अधूनमधून दिसतात, आणि ती विकत घेऊन पुन्हा चालती करण्याचा उद्योग परभणीसारख्या जिल्ह्यात कितपत शहाणपणाचा ठरतो, हे समजून घेण्यासाठी आधी तेथील लाकडाकडे पाहावे लागते.

परभणी जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यंत तोकडे आहे. जिंतूरकडचा डोंगराळ पट्टा वगळला, तर जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत कापण्याजोगे लाकूड मिळते ते मुख्यतः शेतांच्या बांधांवर, ओढ्यांच्या काठाने आणि रस्त्यांच्या दुतर्फा वाढलेल्या बाभूळ, कडुनिंब, चिंच अशा झाडांचे. आणि तेही वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्याच्या चौकटीत राहून. यांपैकी बाभळीचे, विशेषतः तेलिया बाभळीचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वखराला, तिफणीला, बैलगाडीच्या चाकातील तुंब्याला व आऱ्यांना वापरले गेले, कारण ते जड, चिवट आणि झिजेला दाद न देणारे असते. नेमका हाच गुण करवतीच्या दाताला महागात पडतो. ओल्या बाभळीत दात बऱ्यापैकी चालतो, परंतु वाळलेल्या खोडाच्या लालसर गाभ्यात शिरताना धारेवर येणारा ताण कितीतरी वाढतो. त्यात बांधावरच्या झाडाच्या सालीत वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी माती व रेतीचे कण बसलेले असतात. बुंधा जमिनीलगत कापताना साखळी मुरमाला घासते. आणि सर्वांत वाईट म्हणजे कधीकाळी कुंपणासाठी झाडाला ठोकलेली तार किंवा खिळा खोडाने वाढता वाढता पोटात घेतलेला असतो, जो बाहेरून मुळीच दिसत नाही. अशा एका खिळ्यावर गेलेली साखळी क्षणार्धात डझनभर दातांचे कोपरे गमावून बसते.

आज वापरात असलेल्या साखळीची घडण समजून घेतल्याशिवाय ग्राइंडरचे काम उलगडत नाही. इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवती युरोपात १९२० च्या दशकातच आल्या होत्या; जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये आपला व्यवसाय सुरू करून विजेवर चालणारी करवत बनवली, तर एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये पेट्रोल इंजिनाची करवत थुरिंगिया प्रांतातील डोलमार डोंगरावर चालवून दाखवली, आणि त्याच डोंगराचे नाव पुढे त्यांच्या यंत्रांना मिळाले. मात्र त्या काळच्या साखळ्यांचे दात जुन्या दोन माणसांच्या आडव्या करवतीच्या दातांवरून घेतलेले होते. ते लाकूड ओरबाडत, भुश्शाने तुंबत, आणि त्यांना धार लावण्यात बराच वेळ जाई. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण केले. ही अळी आपल्या डाव्या-उजव्या जबड्यांनी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवेही सारख्याच सहजतेने कातरत जाते, हे त्यांच्या लक्षात आले. त्या जबड्यांच्या धर्तीवर त्यांनी आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वळलेल्या दातांची साखळी बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलँड शहरात तिचे उत्पादन सुरू केले. जगभर आज विकली जाणारी जवळपास प्रत्येक साखळी याच कल्पनेची वारस आहे.

या साखळीतील प्रत्येक कापणाऱ्या दाताचे दोन भाग असतात. मागचा भाग वरून सपाट आणि बाजूने उभा असा काटकोनात वळलेला असून, या दोन पृष्ठांचा जेथे संगम होतो तो कोपरा तंतू आधी तोडतो आणि वरची सपाट धार तो तुकडा उचलून बाहेर फेकते. पुढे असलेला छोटा उंचवटा प्रत्यक्षात काहीच कापत नाही. मागच्या दाताने एका वेळी किती खोल घास घ्यावा हे तो ठरवतो, म्हणून त्याला खोली-नियंत्रक म्हणता येईल. दाताच्या वरच्या आणि बाहेरच्या पृष्ठावर कठीण क्रोमियमचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि खरी धार म्हणजे याच मुलाम्याची कड होय. आतले पोलाद कितीही चकाकत असले तरी कडेवरचा मुलामा उडालेला असेल, तर ती धार फार काळ टिकत नाही. म्हणूनच खिळ्यावर गेलेला दात नुसता टोकदार करून भागत नाही. मुलाम्याची अखंड कड पुन्हा लागेपर्यंत तो मागे घासत न्यावा लागतो, आणि त्याच्याबरोबर बाकीचे सगळे दातही तेवढेच मागे न्यावे लागतात, कारण लांबी असमान राहिली तर साखळी लाकडात एका बाजूला ओढत जाते.

येथेच कानस आणि ग्राइंडर यांच्या कामाची विभागणी स्पष्ट होते. रोजच्या वापरात मंदावलेल्या धारेला गोल कानशीचे दोन-तीन हात पुरेसे असतात, आणि ज्या शेतकऱ्याकडे एकच चेनसॉ असून ती वर्षातून थोडे दिवस चालते त्याने ग्राइंडरच्या नादी लागू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ज्या दुरुस्ती-दुकानात निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या साखळ्या येतात, किंवा ज्या वखारीत रोज वाळलेल्या बाभळीचे ओंडके पडतात, तेथे साखळीवरील प्रत्येक दात एक-दीड मिलिमीटर मागे नेण्याचे काम हाताने करणे म्हणजे मनगट आणि कोन दोन्ही गमावणे होय. थकलेल्या हाताचा कोन विसाव्या दातापाशी बदलू लागतो. यंत्राचा बदलत नाही. जुन्या ग्राइंडरचे सगळे मोल या न बदलणाऱ्या कोनात आहे. ते घासण्याचे साधन आहे त्याहून अधिक मोजमापाचे साधन आहे, आणि त्याचा पुनरुद्धार करणाऱ्याने ही गोष्ट शेवटपर्यंत नजरेसमोर ठेवली, तर कुठे पैसा व कष्ट घालायचे आणि कुठे नाही हे आपोआप ठरते.

असे यंत्र विकत घेताना रंग उडालेला आहे, गंज चढलेला आहे किंवा वायर कुरतडलेली आहे, यांपैकी कशानेही बिचकण्याचे कारण नाही. पहिला प्रश्न विचारायचा तो चाकाच्या भोकाचा. आज सर्रास मिळणारी चेन ग्राइंडरची चाके साधारण १४५ मिलिमीटर व्यासाची आणि २२.२ मिलिमीटर, म्हणजे ७/८ इंच भोकाची असतात. जुन्या यंत्राचा दांडा याहून वेगळ्या मापाचा असेल, तर त्याच्यासाठी लेथवर अचूक बुश बनवून घ्यावा लागतो, आणि बुश अचूक नसेल तर चाक थरथरते. दुसरी परीक्षा हाताची आहे: मोटारीची मान धरून ती डावी-उजवी हलवून पाहावी. वरखाली होणे हे तिचे कामच आहे, पण बिजागरीच्या पिनेपाशी आडवा ढिलेपणा जाणवत असेल, तर पिन आणि तिचे घर दोन्ही झिजलेले आहेत असे समजावे. ही झीज दुरुस्त होते. बैठकीच्या ओतीव ॲल्युमिनियमला गेलेली चीर मात्र सहसा समाधानकारक दुरुस्त होत नाही, कारण त्या धातूचे वेल्डिंग कुशल हाताशिवाय जमत नाही आणि जमले तरी उष्णतेने बैठक वाकडी होण्याचा धोका राहतो. चाकावरचे संरक्षक कवच, चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या आणि साखळी पकडणारा व्हाइस हे तीन भाग जागेवर नसतील, तर ते यंत्र भंगाराच्या भावानेच घ्यावे.

जुनी ग्राइंडर बहुतेक अमेरिका किंवा इटली या देशांतून आलेली असतात, आणि या दोन कुळांमधील खरा भेद विजेचा आहे. इटलीचे यंत्र भारतातल्याप्रमाणेच सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेसाठी बनलेले असते आणि त्याचे व्होल्टही येथल्या २३० शी जुळतात. अमेरिकी यंत्र मात्र १२० व्होल्ट आणि ६० आवर्तनांसाठी असते. व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो. आवर्तने मात्र तो बदलू शकत नाही. कार्बन ब्रश नसलेल्या इंडक्शन मोटारीचा वेग या आवर्तनांनाच बांधलेला असल्याने तेथे मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेणारी मोटार येथे साधारण २,८५० फेऱ्यांवर येते. १४५ मिलिमीटरच्या चाकाची कड त्यामुळे सेकंदाला २६ मीटरऐवजी साडेएकवीस मीटर वेगाने धावते, जी घट कामाच्या दृष्टीने चालून जाते. चालत नाही ती मोटारीच्या आतली उष्णता. आवर्तने कमी झाल्यावर त्याच व्होल्टला मोटारीचा लोखंडी गाभा चुंबकीय दृष्ट्या भरून जातो आणि वेटोळी जास्त प्रवाह ओढू लागतात. मूळ रचनेत १२० व्होल्टला ६० आवर्तने, म्हणजे एकास दोन हे प्रमाण असल्याने ५० आवर्तनांवर तिला १०० व्होल्टच्या आसपासच वीज देणे योग्य ठरते. ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर ती चालते, पण सलग कामात तापते.

यावर परभणी जिल्ह्यात एक उत्तम उपाय हाताशी आहे. कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजने विहिरींवरील पंपांच्या मोटारी जळणे ही मराठवाड्यातील शेतीची जुनी कटकट असून, तिच्यामुळेच सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा बाजारगावांत मोटार रिवाइंडिंगची कला रुजली आहे. अशा कारागिराकडून जुन्या मोटारीचे मूळ घर, मूळ दांडा आणि मूळ गाभा तसाच ठेवून आतली वेटोळी २३० व्होल्ट व ५० आवर्तनांच्या हिशेबाने नव्याने भरून घेता येतात. नवी मोटार बसवण्यापेक्षा हा मार्ग अधिक चांगला, कारण ग्राइंडरमध्ये चाक बहुधा मोटारीच्याच दांड्यावर बसते. मोटार बदलली की दांड्याची लांबी बदलते, आणि दांड्याची लांबी बदलली की चाकाचा मध्य व्हाइसच्या मध्यापासून सरकतो. त्याच वेळी जुनी दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची वायर घालावी आणि तिची अर्थिंगची तार धातूच्या अंगाला पक्की जोडावी, यात तडजोड नको. वेटोळी आणि धातूचे अंग यांच्यातील विद्युतरोध मेगरने मोजून घेतल्याशिवाय यंत्राला वीज देऊ नये.

मोटार उघडलेलीच असताना बेअरिंगे बदलून टाकावीत. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचता आला की काम सोपे होते: ६२०३ असा क्रमांक असेल, तर आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, आणि हे माप पंपांतही वापरात असल्याने तालुक्याच्या दुकानात सहज मिळते. अमेरिकी यंत्रात इंचाच्या मापाची बेअरिंगे निघाली तर ती मागवावी लागतात; त्यांच्या जागी जवळपासच्या मापाचे बेअरिंग ठोकून बसवण्याचा मोह टाळावा. गंज काढण्यासाठी डिझेलमध्ये भिजवणे आणि तारेचा ब्रश पुरेसा होतो, मात्र घासपेपर कुठे चालवायचा नाही हे लक्षात ठेवावे लागते. व्हाइसचे जबडे, बिजागरीचे घर, आणि साखळीतील दाताला मागून टेकणारा छोटा अडसर ही मोजमापाची पृष्ठे आहेत, ती घासली की माप गेले. अडसराचे टोक झिजून गोल झालेले असते, आणि त्यामुळे प्रत्येक दात वेगळ्या जागी थांबतो. असा अडसर पोलादाच्या पट्टीतून नवा घडवून घ्यावा. रंगकाम सर्वांत शेवटी करावे, आणि केले नाही तरी काही बिघडत नाही.

यानंतर येते जुळवणी, जी या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. व्हाइसखालच्या चकतीवर कोनाच्या खुणा कोरलेल्या असतात, पण अनेक वर्षांच्या वापरानंतर त्या खुणांवर विश्वास ठेवता येत नाही. कोनमापक लावून शून्याची जागा प्रथम पक्की करावी. साखळीच्या वरच्या धारेचा कोन सामान्यतः २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असतो. मऊ लाकडाला अधिक तिरकी धार जलद चालते, तर वाळलेल्या बाभळीसारख्या किंवा चिंचेसारख्या कठीण लाकडाला २५ अंशांच्या जवळची धार अधिक टिकते, कारण तिच्या टोकामागे धातूचा आधार जास्त राहतो. शून्य जुळले की एक डावा आणि एक उजवा दात घासून दोघांची लांबी व्हर्नियरने मोजावी. दोन लांबींत फरक आला तर चाकाचा मध्य व्हाइसच्या फिरण्याच्या मध्यावर नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि बिजागरीच्या पिनेवर पातळ चकत्या घालून किंवा काढून तो फरक मिटेपर्यंत हे मोजणे पुन्हा पुन्हा करावे लागते. काही यंत्रांत यासाठी वेगळा स्क्रू दिलेला असतो. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण जे यंत्र येथे सरळ झाले ते पुढे अनेक वर्षे सरळ राहते.

चाकाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. गावोगाव फिरून हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची साण पूर्वी कुरुंद नावाच्या कठीण खनिजाची भुकटी लाखेत घट्ट करून बनवली जाई. आजचे चाकही रासायनिक दृष्ट्या त्याच पदार्थाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असते. फरक इतकाच की ते बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत तयार केलेले असते आणि त्याचे कण लाखेऐवजी भट्टीत भाजलेल्या काचेसारख्या मातीने बांधलेले असतात. हे बंधन कणखर असले तरी ठिसूळ असते. म्हणून जुन्या यंत्राबरोबर आलेले चाक, ते कितीही शाबूत दिसले तरी, वापरू नये. आणि नवे चाकही भोकात बोट घालून लोंबकळते धरावे व लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला तर चाक अखंड आहे, बद्द आवाज आला तर आत चीर आहे आणि ते तेथेच फोडून टाकावे. चाकावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मोटारीच्या वेगापेक्षा अधिक असली पाहिजे. चाक बसवल्यावर पहिले मिनिटभर यंत्र मोकळे चालवावे आणि त्या वेळी चाकाच्या रेषेत कोणी उभे राहू नये. बारीक साखळ्यांना साधारण ३.२ मिलिमीटर जाडीचे, ३/८ इंच पिचच्या मोठ्या साखळीला ४.७ मिलिमीटरचे चाक लागते. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग.

प्रत्यक्ष धार देताना होणारी सर्वांत मोठी हानी उष्णतेने होते. दाताचे पोलाद कडक करून मग ठरावीक तापमानाला पुन्हा नरमवलेले असते, जेणेकरून ते धार धरील पण तुटणार नाही आणि त्यावर कानसही चालेल. चाक दाबून धरले की धारेची अरुंद कड पाहता पाहता तापते: सुमारे २२० ते २३० अंशांना तिच्यावर फिकट पिवळी झाक येते, ३०० अंशांच्या आसपास ती निळी होते, आणि निळी झालेली कड मऊ पडलेली असते. त्याहूनही अधिक तापली, तर मागच्या थंड धातूने ती इतक्या वेगाने निवते की काचेसारखी कडक होते. पुढच्या वेळी कानस तिच्यावरून नुसती घसरते. हे टाळण्यासाठी चाक दाताला क्षणभर टेकवून उचलावे, पुन्हा टेकवावे, आणि खूप झिजलेल्या साखळीचे काम एका फेरीत न उरकता दोन-तीन फेऱ्यांत वाटून घ्यावे. चाकाचे तोंड धातूने भरून चकाकू लागले की ते कापत नाही, फक्त तापवते, म्हणून ड्रेसिंगच्या दगडाने त्याचे तोंड वारंवार मोकळे करावे. परभणीच्या मे महिन्यात, जेव्हा पत्र्याच्या शेडखाली यंत्राचे अंगच हात लावू देत नाही, तेव्हा मोटारीला मधूनमधून विश्रांती देणेही तितकेच गरजेचे असते.

दात झाले की खोली-नियंत्रकाकडे वळावे, ज्याचा विसर सर्वाधिक पडतो. दात मागे सरकत गेला की त्याची वरची धार थोडी खालीही उतरते, कारण दाताचे पृष्ठ मागच्या बाजूला उतरते असते. नियंत्रक मात्र होता तेवढाच उंच राहतो, आणि मग धार कितीही लखलखीत असली तरी साखळी लाकडाला लागतच नाही. दोहोंच्या उंचीतील अंतर सामान्यतः ०.६५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. वाळलेल्या कठीण लाकडासाठी ते अर्ध्या मिलिमीटरवर ठेवले तर करवत झटके देत नाही; ते बेसुमार वाढवले तर मात्र साखळी लाकडात अडकते आणि करवत चालवणाऱ्याच्या अंगावर उसळण्याचा धोका वाढतो. हे काम दर तीन-चार धारांमागे सपाट कानशीने आणि मापपट्टी लावून करावे. धार नीट बसली की नाही याची पारख भुश्शावरून होते: ओंडक्याखाली जाड, चौकोनी कपचे पडत असतील तर साखळी कापते आहे, आणि पिठासारखी भुकटी पडत असेल तर ती घासते आहे. बहुतेक दातांच्या वरच्या पृष्ठावर मागच्या बाजूला उत्पादकाने एक तिरकी रेघ कोरलेली असते. घासता घासता एखाद्या दाताची धार त्या रेघेपाशी पोहोचली की ती साखळी आणखी वापरू नये.